चुन्याची रेघ

गॅरेजच्या ओट्यावर मी माझी स्कूटर दुरुस्त व्हायची वाट बघत बसलो होतो. समोर एका जुन्या ट्रकखाली त्याचा म्हातारा मालक उताणा पडला होता आणि त्याची बायको शेजारी उकिडवी बसून हत्यारं देत होती. इंजिनाचा जोर मागच्या चाकांपर्यंत नेणारा लांब शाफ्ट उतरवून त्याचा झिजलेला सांधा बदलायचा होता.

"थांबा, आधी खूण," ती म्हणाली. "मागल्या खेपेला विसरलात, आन् शाफ्ट फिरवून बसवलात. बाजारापातूर गाडी नुसती थरथरत होती."

तिनं चंचीतला चुना बोटावर घेतला आणि शाफ्टवरून पलीकडच्या जोडापर्यंत एक पांढरी रेघ ओढली. मग त्यानं नट सोडवायला घेतले.

लेकीच्या बाळंतपणाला गेलेली माझी बायको परवाच परतली. मी एव्हाना बिनसाखरेचा चहा प्यायला लागलोय, ती पहाटेच उठून बसते. स्वयंपाकघरात आम्ही एकमेकांच्या वाटेत येतो आणि पाहुण्यासारखे बाजूला सरतो. भांडण कसलंच नाही, नुसती एक बारीक थरथर. ती निघाली तेव्हा खूण करून ठेवायचं आम्हाला कुठलं सुचायला?

शाफ्ट चढला, रेघेला रेघ जुळली. म्हातारा बाहेर आला तेव्हा त्याचे दोन्ही हात ग्रीसनं माखले होते. तिनं उरलेला चुना पानाला लावून विडा केला. तिचा हात पुढं यायच्या आधीच त्यानं तोंड उघडलं होतं.