डबीखालचा निळा रंग

गेल्या जयंतीला आत्याचा ट्रॅक्टर भर चौकात बंद पडला. भाषणासाठी मिरवणूक थांबली म्हणून तिने इंजिन बंद केलं. भाषण संपल्यावर किल्ली फिरवली तर नुसता टक् असा आवाज आला. पुढे विझलेली दिव्यांची कमान, मागे ट्रॉलीत पुस्तकं, पत्रकं आणि हार घातलेली तसबीर, मधे सीटवर आत्या. शेवटी पोरांनी ट्रॅक्टर ढकलत विहारापर्यंत नेला. ढकलताना कुणीतरी हसलं, मग बरेच जण हसले. आत्या खाली उतरली नाही. स्टिअरिंग धरून, मान ताठ ठेवून बसून राहिली.

ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमचं गाव वरवट बकालच्या अलीकडे, संत्र्याच्या पट्ट्यात. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, म्हणून आत्याने उमेदीची वर्षं एका बागवाल्याकडे निंदण-खुरपणात आणि तोडणीत घालवली. त्याने मोठा ट्रॅक्टर घेतला तेव्हा झाडांच्या ओळींमधून फिरणारा जुना, बुटका ट्रॅक्टर भंगारात काढला. तो आत्याने घेतला आणि चालवायला शिकली. आता ती स्वतः लोकांच्या बागांत फवारणी करून देते. जयंतीला तोच ट्रॅक्टर मिरवणुकीच्या पुढे असतो. ज्या गावात बाईने मोटरसायकल काढली तरी लोक वळून पाहतात, त्या गावाची सगळ्यांत मोठी मिरवणूक एक बाई हाकत नेते, याचा मला अभिमान आहे आणि तो लपवण्याचं मला काही कारण दिसत नाही.

यंदा जयंती समितीने सांगितलं, ट्रॅक्टर नको. मोठी गाडी आणू, तिच्यावर डीजे लावू. आत्या म्हणाली, ट्रॅक्टर दुरुस्त होतो. समितीने मग एक अट घातली. जयंतीच्या आदल्या दिवशी दिवे आणि स्पीकर लावून विहारापासून स्टँडपर्यंत फिरवून आणा, चौकात बंद करा, आणि कुणी हात न लावता पुन्हा चालू करून दाखवा. जमलं तर आत्या पुढे, नाहीतर डीजे पुढे आणि आत्या घरी.

मी पेटले. आमच्या घरात वडिलांच्या सभांची उरलेली पत्रकं माळ्यावर गठ्ठ्यांनी असत. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. अन्याय दिसला की माझा हात आधी कागदाकडे जातो. डीजेविरुद्ध एक सणसणीत पत्रक लिहिलं आणि आत्याला वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "चांगलं लिहिलं वो पोरी. पण याच्यानं गाडीचा स्टार्टर फिरत नाई. कागद मंग वाटजो, आधी बॅटरी धरू लाग."

म्हणून मी बॅटरी धरू लागले.

दुखणं तसं साधं दिसत होतं. बॅटरी चार्ज करून लावली की ट्रॅक्टर दोन-चार वेळा झकास सुरू व्हायचा, मग मलूल पडायचा. वरवट बकालच्या मिस्त्रीने बॅटरी गेली म्हणून सांगितलं. नवी बसवली, तीही तशीच उतरली. आत्या ती रात्री काढून लाकडी फळीवर ठेवायची, कारण जमिनीवर ठेवली की बॅटरीतली ताकद माती ओढून घेते असं आमच्याकडे सगळे मानतात. फळीचाही उपयोग झाला नाही. म्हणजे बॅटरी रिकामी होत होती असं नव्हे, ती भरलीच जात नव्हती. मग मलकापूरहून एक जुनी पण चांगली डबी आणली. या ट्रॅक्टरमध्ये इंजिनाच्या चाकाखाली वीज तयार होते, ती दोन वायरींनी एका ॲल्युमिनियमच्या डबीत जाते, आणि डबी तिला बॅटरीच्या पचनी पडेल अशी करून पुढे पाठवते. त्या डबीला सगळे रेग्युलेटर म्हणतात. आत्याने ती स्वतः बसवली. बॅटरी पुन्हा उतरली.

जयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी माझा चुलतभाऊ आला. गावातली घरं तोच वायरिंग करतो, लग्नात स्पीकर तोच लावतो, आणि डीजेचा ठराव समितीत त्यानेच मांडला होता. दुपारपर्यंत डीजेवाल्याला पक्कं कळवायचं होतं. मला वाटतं, ट्रॅक्टर दुरुस्त होत नाही हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं, म्हणजे आत्याला नाही म्हणताना मनाला टोचलं नसतं. हातात मीटर घेऊन तो कडुनिंबाखाली उभा राहिला. मी त्याच्याकडे पाठ फिरवली. माझं पत्रक त्याने वाचलं होतं.

"लय झणझणीत लिहितं हो तू," तो मला म्हणाला. "पण आमचे पोट्टे सालभर सुरतेत मशीनवर उभे राह्यतात. एक दिवस नाचले तं काय होते?"

याचं उत्तर माझ्याजवळ होतं, लांबलचक. पण त्याच्या स्वतःच्या लहान भावाचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आदल्याच दिवशी सुरतेच्या गाडीतून उतरलेला, मशीनच्या आवाजाने कान बधिर झालेला, तरी नाचायला आसुसलेला. मी बॅटरीवरचं झाकण काढून त्याला जागा करून दिली.

त्याने कामाला सुरुवात केली. आधी बंद इंजिनावर बॅटरीला मीटर लावला, बारा व्होल्ट. इंजिन सुरू करून पुन्हा लावला. काटा चौदाकडे चढायला हवा होता, तो बारावरच बसून हळूहळू खाली सरकू लागला. मग इंजिनाकडून डबीत येणाऱ्या दोन वायरी तपासल्या. तिथे वीज भरपूर होती. म्हणजे माल तयार होत होता आणि डबीपर्यंत पोचतही होता. पुढे जात नव्हता.

"मंग डबीच मेली," तो म्हणाला, आणि स्वतःच थांबला. "पण दोन दोन डब्या कशा मरतीन?"

मागची बाजू पाहायला म्हणून त्याने डबीचे नटबोल्ट काढले. डबी वायरींवर लोंबकळली आणि इंजिनाच्या अंगावरच्या उघड्या लोखंडी पात्यांना टेकली. इंजिन सुरूच होतं, मीटरही लावलेला होता. काटा सरकन चौदावर गेला. भावाने डबी उचलली, काटा बारावर आला. पुन्हा टेकवली, चौदा. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. रागावलेलं राहणं त्या क्षणी दोघांनाही जमलं नाही.

त्याने डबी जागेवर घट्ट बसवली. पुन्हा बारा.

तेव्हा आम्ही तिघंही खाली वाकलो आणि डबी जिथे बसते ती लोखंडी पट्टी पाहिली. ती निळी होती. चकचकीत, जाड, साईसारख्या थराची निळी. बोल्टाच्या भोकाच्या कडांवर निळा, नटाखाली निळा, पट्टीच्या मागे निळा.

"आत्या, इथं रंग कोनं देल्ला?"

"म्या देल्ला. काऊन?"

"डबी काढून?"

"मंग का वरतून वरतून देऊ?"

दर जयंतीच्या आधी आत्या ट्रॅक्टरला निळा ऑइलपेंट देते, हे सगळ्या गावाला माहीत होतं. पण ती तो कसा देते, हे कुणी बसून पाहिलं नव्हतं. ती एकेक भाग सोडवते, खालची जागा रंगवते, नटबोल्टसुद्धा रंगवते आणि सुकल्यावर पुन्हा बसवते. हा ट्रॅक्टर आला तेव्हा लाल होता. रस्त्यातून निघाला की लोक बागवाल्याच्या नावाने ओळखायचे, त्याचा लाल ट्रॅक्टर चालला म्हणायचे. सीटवर आत्या असली तरी. तिला त्या लालचा एक ठिपकाही कुठे राहू द्यायचा नव्हता, जिथे कुणाची नजर जात नाही तिथेही नाही. डबीची पाठ उघड्या लोखंडाला टेकली तरच तिला अर्थिंग मिळतं, म्हणजे विजेची परतीची वाट, आणि ती नसली तर बॅटरीकडे काहीच जात नाही. सुरुवातीला बोल्ट रंग कापून आत पोचत असणार. पण वर्षावर वर्ष थर चढत गेले आणि एका वर्षी लोखंड पूर्ण झाकलं गेलं.

आत्या खाटेच्या कडेला बसली. म्हणाली, म्हणजे गाडी मीच बंद पाडली. हे तिने कुणाला विचारलं नव्हतं, तरी उत्तर द्यायची घाई भावालाच झाली. रंग खरवडायची गरज नाही, तो म्हणाला. डबीच्या अंगापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत एक वायर ओढतो, काम भागते, निळा तसाच राहीन. ज्या माणसाला दुपारी डीजे पक्का करायचा होता, तो आत्याचा रंग वाचवायला खिशातून वायर काढत होता. मीही त्याच्या बाजूने बोलले, जरा जोरातच. इतक्या वर्षांचा रंग असा खरवडून टाकायचा नाही, तो नुसता रंग नाही, वगैरे.

आत्याने ऐकून घेतलं, जसं पत्रक ऐकलं होतं.

"वायर हालली, तुटली, तं पुन्हा ढकलान मले?" ती म्हणाली. तिने खुरपं घेतलं आणि पट्टीवर टेकवलं.

निळा पापुद्र्यांनी निघाला. एकाखाली एक, गडद, फिका, एक जरा जांभळट, त्या साली दुकानात मिळाला तसा. मग लाल दिसला. आत्याचा हात थांबला, पण थोडाच वेळ.

"निघू दे," ती म्हणाली. "त्याच्याही खाली लोखंड हाय."

लोखंड पांढरं लखलखेपर्यंत ती घासत राहिली. नटाखालचा रंग भावाने कानशीने काढला. डबी बसवली, इंजिन सुरू केलं. काटा चौदावर चढला आणि तिथेच राहिला. भाऊ बराच वेळ मीटर धरून उभा होता, जणू तो हलला तर काटाही हलेल.

संध्याकाळी समितीसमोर फेरी झाली. चौकात किल्ली भावानेच बंद केली आणि आत्याच्या हातात दिली. ट्रॅक्टर लगेच सुरू झाला. डीजे तरीही आला. ट्रॅक्टर पुढे, डीजे मागे, असं ठरलं. माझ्या तत्त्वांना ही तडजोड अजून पटलेली नाही, आणि मी ते समितीला लेखी कळवलं आहे. पण भावाचा धाकटा भाऊ दुसऱ्या दिवशी ज्या आनंदाने नाचला, तो पाहून त्याला पत्रक द्यायला माझा हात उठला नाही. बाकीच्यांना वाटली.

फेरीनंतर, उजेड होता तोवर, आत्याने ब्रश काढला आणि यंदाचा निळा हात दिला. ट्रॉलीसकट सगळीकडे, फक्त डबी आणि तिच्याखालची ती पट्टी सोडून.

जयंतीला मिरवणूक चौकात थांबली. आत्याने इंजिन बंद केलं. भाषण झालं, टाळ्या झाल्या, आणि पोरं गेल्या वर्षीसारखी ट्रॉलीच्या मागे जाऊन उभी राहिली, दोन्ही हात टेकवून, ढकलायच्या तयारीत. या वेळी कुणी हसत नव्हतं. आत्याने किल्ली फिरवली. इंजिनाने एकदम सूर धरला, कमानीचे दिवे लागले. तिने मान वळवून मागे पाहिलं.

"हात काढा बे," ती म्हणाली. "रंग ओला हाय."