आईच्या चित्रातले ओठ

आमच्या अंधेरीच्या वाचनालयाबद्दल जुने लोक फार प्रेमानं बोलतात. रविवार सकाळचे चित्रकलेचे वर्ग, महिन्यातून एकदा येणारा एखादा नावाजलेला चित्रकार, त्याचं भाषण आणि मग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत काढलेलं चित्र. मी ऐकून घेतो. माझा त्या वाचनालयावर राग आहे, आणि इतक्या वर्षांत तो कमी झालेला नाही.

सत्तर साल उजाडायच्या थोडं आधीची गोष्ट. आई रोज वेसाव्याहून म्हावऱ्याची पाटी घेऊन यायची आणि वाचनालयाच्या मागच्या घरांत दारोदार विकायची. मी तोवर बर्फाच्या धंद्यात उभा राहिलो होतो. दुसऱ्याच्या हातगाडीवर लाद्या ओढण्यापासून सुरुवात केली, आता स्वतःचा गाळा होता. आईला म्हणायचो, पाटी ठेव आता. ती म्हणायची, "घरान बसून कोनाशी बोलू? भिंतीशी?" तिला मासळी विकण्यापेक्षा बोलायचंच जास्त असायचं. गिऱ्हाइकाच्या सुनेचं, मांजराचं, दमेकरी सासऱ्याचं, सगळ्यांचं विचारून झाल्याशिवाय ती पाटीवरचं फडकं काढत नसे. घासाघीस मी तिच्याकडूनच शिकलो. फरक एवढाच की तिच्याशी घासाघीस करून माणूस हसत जायचा. माझ्याशी करून कुणी हसत गेलेला आठवत नाही.

ग्रंथपालांची बायको तिचं गिऱ्हाईक. एका रविवारी येणाऱ्या चित्रकाराला समोर बसवायला एखादा चेहरा हवा होता. त्या बाईंनी आईला विचारलं आणि आई तयार झाली. मला सांगितलं नाही. नवं लुगडं नेसली, अबोलीची वेणी माळली आणि गेली.

मला गाळ्यावर कळलं. कुणीतरी हसत हसत सांगितलं, "तुझ्या आयला तिकडं खुर्चीवर बसवलीय, तमासा बघायला ये." मी तसाच ओल्या बनियनवर निघालो.

हॉल भरला होता. इस्त्रीच्या सदऱ्यातले ऑफिसवाले, मांडीवर कागद घेतलेल्या मुली. समोर आई, आणि तिच्या बाजूला तो चित्रकार. तो रंगवता रंगवता बोलत होता. चेहरा बराच झाला होता. ओठांची जागा मात्र कोरी.

"मावशी, दोन मिनिटं गप्प बसा ना. सगळं झालं, तुमचं तोंडच राहिलंय."

"तोंड बंद केला तर म्हावरा कोन इकंल रे, तू?"

लोक हसले. चित्रकारही हसला. मग ब्रशच्या दांड्यानं तिच्या गालाकडे दाखवत लोकांना म्हणाला, "ही कातडी बघा. उन्हात सुकवलेला बोंबील पाहिलाय ना? तसाच पोत. हे रंगवणं सोपं नाही."

पुन्हा हसू. आई सगळ्यांत मोठ्यानं हसली.

मी पुढे गेलो आणि तिचा दंड धरून तिला उठवलं. चित्रकाराला जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. ग्रंथपाल मध्ये पडले. "अहो, त्यांचा तसा हेतू नव्हता. दहा मिनिटं द्या, चित्र पुरं होईल." मी म्हटलं, "तुझ्या आईला बसव आणि पुरं कर." आई म्हणत होती, "सोर रे, हात सोर, मना बघाचाय." मी सोडला नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाली, "दहा मिंटा थांबला असतास तर काय झाला असता? मी कवा बघितलाय मना?"

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. मीही नाही.

दोन वर्षांनी कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत ती गेली. बाराव्याला पाटावर ठेवायला घरात तिचा फोटो नव्हता. बहिणीच्या लग्नातल्या एका फोटोत ती होती, पण पाठमोरी, कुणाशी तरी भांडताना. तेव्हा मला ते चित्र आठवलं.

वाचनालयात जाताना मी पूर्ण तयारीनं गेलो. ते नाही म्हणणार, संस्थेची मालमत्ता म्हणणार, मग मी काय बोलायचं, कुठं आवाज चढवायचा, शेवटी किती द्यायचे, सगळं ठरवलं होतं. ग्रंथपालांनी कपाटामागून तो बोर्ड काढला, धूळ पुसली आणि म्हणाले, "न्या. तुमच्याच आई त्या. आमच्या घरी अजून आठवण काढतात." समोरच्यानं काही मागितलंच नाही, तर घासाघीस कशाची करायची?

चित्र मी तिथं पहिल्यांदा नीट बघितलं. डोळे तिचेच होते. कपाळावरची आठीसुद्धा. त्या माणसाला काम येत होतं. पण नाकाखाली बोर्डाचा नुसता पांढरा रंग.

चित्रकार परदेशी गेला होता. रविवारच्या वर्गाचे ड्रॉइंग मास्तर म्हणाले, "मी भरून देतो. ओठ कसे होते? पातळ? जाड? खालचा पुढे होता का?"

मला सांगता येईना. दहा हातांवरून पापलेट शिळं की ताजं ते सांगणारा मी. तिचा आवाज कानात होता, शब्द न् शब्द होता. ओठ दिसत नव्हते.

मास्तरांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "बसा समोर. आई-मुलाची ठेवण सारखी असते. फक्त हलू नका, बोलू नका."

मी तासभर दात आवळून बसलो.

घरी नेल्यावर मोठी बहीण चित्रासमोर उभी राहिली. मग म्हणाली, "हा तर तू हाइस रे. आय कवा अशी गप बसली होती?" मी तिच्यावर ओरडलो. मास्तराला शिव्या दिल्या, त्या चित्रकाराला दिल्या, वाचनालयाला दिल्या. ती रडत आत गेली. बाराव्याला आलेले लोक चित्राला हात जोडून म्हणाले, "हुबेहूब आलीय." मी मान हलवली. बहीण दुसरीकडे तोंड करून बसली होती.

चित्र अजून भिंतीवर आहे. माझी नात आई गेल्यावर बऱ्याच वर्षांनी जन्मली. ती परवा चित्राखाली उभी राहून म्हणाली, "पणजी किती रागीट दिसते. तुमच्यावर रागावली होती का हो?"

तिला खरं सांगता आलं असतं, की ती बाई दिवसभर हसायची, शेजारणी तिला गप कर म्हणून आमच्याकडे तक्रार करायच्या. पण तोंड माझं आहे, हे मग सांगावं लागलं असतं.

"हो," मी म्हटलं, "एकदा रागावली होती."