मुक्कामी गाडीचा ड्रायव्हर

“साहेब, गाडी धाडा. पर ड्रायव्हर-कंडक्टर गावात झोपनार न्हाईत,” सरपंच फोनवर म्हणाले.

“मग त्यांनी झोपायचं कुठं?”

“ते तुमी बघा. परक्या मानसाचं लई भ्या हाय सध्या.”

मी तेव्हा आगारात ड्युट्या लावायचो. लॉकडाऊननंतर एसटी नुकतीच सुरू झाली होती, एका सीटवर एक प्रवासी. अहमदपूरपलीकडच्या या गावाला आमची मुक्कामी गाडी होती. म्हणजे संध्याकाळी जायची, रात्री तिथंच थांबायची आणि सकाळी सहाला लातूरला निघायची. स्टाफ शाळेच्या खोलीत झोपायचा, भाकरी कुणाच्या तरी घरून यायची. आता शाळेला कुलूप होतं आणि भाकरीचं विचारायची सोय नव्हती.

आगारप्रमुख म्हणाले, “रात्री रिकामी परत आणायची, पहाटे रिकामी न्यायची? डिझेल कोण मंजूर करील? फेरी बंद करा.”

मी ऑर्डर लिहायला घेतली. तेवढ्यात त्याच गावच्या विश्वनाथरावांचा फोन आला. त्यांच्या बायकोचं, शिवकांताबाईंचं, आठवड्यातून दोनदा लातूरला डायलिसिस. जीपवाले पेशंट घेत नव्हते.

“उद्या सकाळी नंबर हाय साहेब. गाडी येती का न्हाई, तेवढं सांगा.”

“बघतो,” म्हणालो आणि पेन खाली ठेवलं. सांगणार काय होतो, कपाळ?

ड्रायव्हर मन्मथप्पा समोर उभा राहून ऐकत होता. “साहेब, ते माझंच गाव हाय. मी घरी झोपतो. कंडक्टर राठोडला द्या. त्याचा तांडा तिथनं कोसभर, मोटरसायकलवर येतो-जातो.”

ज्याचं गाव, त्याला तिथली मुक्कामी ड्युटी द्यायची नाही, हा नियम माझाच होता. माणूस घरात रमतो, गाडी उशिरा सुटते, पाहुणे फुकट बसतात. मन्मथप्पाचा अर्ज मी दोनदा फेटाळला होता. दुसऱ्यांदा तर चार लोकांत नको ते बोललो होतो. ते आठवून आता लाज वाटली.

तरी विचारलंच, “उशीर झाला तर?”

“परका ड्रायव्हर उशीर करून निघून जातो साहेब. मला त्याच गल्लीत राहायचं हाय.”

मी तशी ड्युटी लावून आगारप्रमुखांची सही घेतली. सरपंचांना कळवलं, तर म्हणाले, “मन्मथप्पा? मग काय, त्यो आमचाच हाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन हातात धरूनच चहा घेतला. लातूर स्टँडच्या कंट्रोलरनं कळवलं, गाडी दहा मिनिटं आधीच लागली. थोड्या वेळानं विश्वनाथराव बोलले, “घेतलं बरं का हिला आत.” तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

इतकी वर्षं मी ड्रायव्हरला त्याच्या घरापासून लांब ठेवत आलो, ते गाडी वेळेवर सुटावी म्हणून. मन्मथप्पानं वर्षभरात एकदाही सहाचे सव्वासहा केले नाहीत. फुकटा पाहुणा मात्र एकदा बसवला, स्वतःचा सासरा. राठोडनं त्याचं तिकीट फाडलं आणि पैसे मन्मथप्पाकडून घेतले.