शेवळं माझी, काकडं तिची

मी चौथी शिकलेला माणूस, पण रानातली भाजी आयुष्यात कधी विकत घेतली नाही. हे मी कुणालाही ताठ मानेने सांगायचो. चांदीपला आमचं घर होतं, मागे टेकडी. कुठल्या कातळाआड कर्टुलीचा वेल चढतो, शेवळं आधी कुठे फुटतात, मला सगळं पाठ.

शेवळं म्हणजे पानाच्या आधी जमिनीतून वर येणारा जांभळट कोंब. दिसायला देखणा, पण नुसता शिजवून खाल्ला तर घशात काटेच भरतात. त्याला उतारा काकडाच्या झाडाची हिरवी आंबट फळं. ती ठेचून रस घातला की खाज मरते. आमच्या घरात रीत ठरलेली. शेवळं मी आणायची, काकडं बायकोने. झाड तिच्या माहेरच्या वाटेवर होतं. रांधायचीही तिनेच. मी पाटावर बसायचो, स्वयंपाकातलं माझं काम तेवढंच.

ती गेली, आणि पोराने मला चंदनसारला त्याच्या फ्लॅटवर आणलं. तिसरा माळा. खाली सगळी नवी माणसं, कुणी कुणाला हाक मारत नाही. त्या वर्षी शेवळांचे दिवस आले तसं मला घरात बसवेना. मनाशी ठरवलं, ती नसली म्हणून काय झालं, शेवळं खाल्ल्याशिवाय हे वर्ष जाऊ द्यायचं नाही. तीही माझ्या हातची, कुणाच्या उपकाराची नाही.

चांदीपला जाऊन टेकडी चढलो. पिशवीभर शेवळं मिळाली. उतरून तिच्या माहेरच्या वाटेला लागलो, तर काकडाचं झाडच नाही. तिथे विटांचा ढीग आणि तारेचं कुंपण. थोडा वेळ उभा राहिलो, मग परतलो.

चंदनसारच्या नाक्यावर डोंगराकडची एक बाई रानभाजी घेऊन बसायची. माझ्या पिशवीत डोकावून म्हणाली, "बाबा, काकडं हायत का? घेऊन जा, नाय तं घसा धरंल."

"मला शिकवतेस? तुझ्या जन्माआधीपासून डोंगर चढतोय मी."

"चढला असाल. पन रांधली कोनी?"

मी चालता झालो.

घरी चिंच होती. आंबट ते आंबट, म्हटलं. मधला पिवळा दांडा काढून टाकायचा एवढं ठाऊक होतं, तो काढला. सुक्या कोलंबीचे सोडे घातले, चिंचेचा कोळ घातला. किती वेळ परतायचं ते कधी बघितलंच नव्हतं. सून कराडकडची, ती ओट्याजवळ येऊन म्हणाली, "मामा, हे विषारी नाही ना?"

"विषारी असतं तर तुझ्या लग्नाला मी कुठला असतो?"

ती हसली, पण ताटात घेतली नाही. पोराने एक घास खाल्ला आणि तांब्या तोंडाला लावला. मला दुसऱ्या घासालाच कळलं. तरी ताटातली सगळी संपवली. घसा नुसता पेटला होता, डोळ्यांतून धार लागली. पोराने टीव्हीचा आवाज बारीक केला. "बाबा, आईची आठवण आली का?"

"मिरची जास्त पडलीय," मी म्हटलं, आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. तिथून टेकडी दिसत नाही, समोरच्या बिल्डिंगची भिंत दिसते.

सकाळी पुन्हा चांदीपला गेलो, पुन्हा शेवळं काढली. येताना नाक्यावर त्या बाईपुढे उकिडवा बसलो. "काकडं दे," एवढंच म्हटलं, तर आवाज फुटक्या भोंग्यासारखा निघाला.

"खाल्लीत ना काल?" ती पदरात तोंड लपवून हसली. मी मान डोलावली. तिला पैसे दिले. जन्मात पहिल्यांदा. मग तिनेच सांगितलं, तेलात चांगली खरपूस परता, रस मागाहून घाला. ओंजळभर काकडं माझ्या पिशवीत टाकली आणि विचारलं, "घरात मानसं किती?"

"तिघं."

"तिघं खातील ना?"

"नाही. मी एकटाच."

तिने पिशवीत हात घातला, अर्धी काकडं काढून परत आपल्या टोपलीत टाकली आणि अर्धे पैसे माझ्या हातावर ठेवले.

"मग एवढी पुरं," म्हणाली.