जॉयस्टिकच्या पोर्टला लावलेलं ऊन

गच्चीवरच्या एकाच खोलीत वर्षानुवर्षं तेच तिघं बसले की किस्से साठतातच. मुद्दाम जमवावे लागत नाहीत. सोलापुरातल्या धुळीसारखे झटकले तरी पुन्हा बसतात. तिघं म्हणजे फिजिक्सचे रिटायर्ड देशपांडे सर, मी, आणि यंत्रमागावर हयात घालवलेला नरसय्या. शिवाय सरांचा होम कॉम्प्युटर, एका शाळेनं मोडीत काढलेला.

*

सरांनी त्याचा व्होल्टमीटर केला. जॉयस्टिक लावायच्या पोर्टला दोन वायरी जोडायच्या, की स्क्रीनवर आकडा येतो.

मी म्हटलं, "सर, बाजारात मीटर मिळतो की."

"मिळतो. पण तो दुसऱ्या कुणीतरी केलेला असतो."



*

मग गल्लीतल्या घड्याळांचे सेल तपासायला आणले. एकट्या सेलनं आकडा येईना, म्हणून तीन-तीन जोडून मोजले. मोठ्या आकड्याचे परत दिले, लहान आकड्याचे फेकले. दोन दिवसांत अख्ख्या गल्लीतली घड्याळं बंद पडली. त्या पोर्टचं गणित उलटं निघालं : व्होल्टेज जास्त, तर आकडा लहान!

सर शांतपणे म्हणाले, "दोन दिवसांत कुणाचं काही अडलं का? मग झालं तर."

खरंच, कुणाचंच अडलं नव्हतं. मला ते दोन दिवस अजून आठवतात.

*

काचबिंदूनं नरसय्याची दृष्टी गेली आणि त्यानं घराबाहेर पडणंच सोडलं. वर्षभर आम्ही दोघंच बसायचो. मग सरांनी बागेतल्या दिव्याची सोलर प्लेट खिडकीत ठेवली, पोर्टला जोडली आणि आकड्याला आवाज दिला. ऊन कडक, तर बारीक शिट्टी. ढग आला, की खर्ज.

नरसय्याला हाताला धरून आणलं. मागाच्या आवाजावरून कुठं बिघडलंय ते सांगणारा माणूस तो. बराच वेळ ऐकून म्हणाला, "ह्यो ढग मदी इरलाय. कडंला मातुर दाट हाय."

मी वर पाहिलं. ढग तसाच होता. मला त्याचा हेवा वाटला.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज यायला लागला.

*

सरांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, कॉम्प्युटरच्या टेबलावर शिलाई मशीन ठेवायचं होतं. "दसऱ्याच्या साफसफाईत हे डबडं जाणार," त्यांनी बजावलं.

सर म्हणाले, "मग नरसय्या कशाला येईल?"

"माणसं चहालासुद्धा येतात," वहिनी म्हणाल्या.

*

दसऱ्याच्या आधी एका सकाळी वहिनींनी भंगारवाल्याला वर बोलावलं. सर दवाखान्यात गेले होते. मी होतो, पण वहिनींपुढे माझं काय चालणार! नरसय्या खुर्चीत डोळे मिटून शिट्टी ऐकत होता. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

भंगारवाला कॉम्प्युटर निरखायला खिडकीशी वाकला. त्याची सावली प्लेटवर पडली. शिट्टी घसरत घसरत पार खर्जात गेली.

नरसय्या ताडकन उठला. "वहिनी, लई मोटा ढग आलाय. कापडं काढा, भिजतील."

बाहेर डोळ्यांवर हात धरावा असं ऊन होतं. वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग गच्चीत गेल्या आणि नुकत्याच वाळत घातलेल्या, पाणी ठिबकणाऱ्या साड्या एकेक करून काढून आत आणल्या.

"बरं झालं भावजी, वेळेवर सांगितलंत," त्या म्हणाल्या, आणि भंगारवाल्याला जिन्याखालची रद्दी दाखवली.