भावी डॉक्टरचा फ्लेक्स

परवा रविवारी मी स्वतःचा चांगलाच पोपट करून घेतला... तोही भर चौकात, आठ बाय दहाच्या फ्लेक्सवर!

झालं असं, की नातेपुत्याच्या माझ्या भाचीला, कोमलला, दहावीत एकोणनव्वद टक्के पडले. मामा म्हणून आपलं काही कर्तव्य आहे की नाही? सोलापुरातून झकास फ्लेक्स छापून घेतला. ‘भावी डॉक्टर कु. कोमल हिचे हार्दिक अभिनंदन!’ खाली शुभेच्छुक म्हणून माझा फोटो... तिच्यापेक्षा जरा मोठाच आला, पण ते डिझाइनवाल्याचं काम, माझा हात नाही.

सकाळी चौकात फ्लेक्स बांधला, पेढे वाटले आणि ऐटीत बहिणीच्या घरी पोचलो. तर आमच्या डॉक्टरीणबाई गोठ्यामागे रडत बसलेल्या.

"मामा, मला डॉक्टर न्हाय व्हायचं. आयटीआयला इलेक्ट्रिशियन करायचंय. फॉर्मची उद्या शेवटची तारीख हाय... अन् तुमी तर अख्ख्या गावाला सांगून बसलाय. आता अण्णांना कसं सांगू?"

माझा पारा चढला. एवढे मार्क पाडून आयटीआय? आधी सायन्स घे, मग नीटची परीक्षा दे, मग बघू... दहा मिनिटं भाषण ठोकलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

मग डोळे पुसत म्हणाली, "तुमी न्हाय का केलं आयटीआय? दिवाळीत गिरणीची मोटर खोलून चालू केली तुमी, तवा बॅटरी मीच धरली होती की. तवाच ठरवलं मी."

वीस वर्षं चिंचोळी एमआयडीसीत फिटर आहे मी. पोरीला माझ्यासारखं व्हायचं होतं आणि मीच तिला नको नको म्हणत होतो... फार लाज वाटली.

दुपारी दाजी, म्हणजे कोमलचे अण्णा, मेंढरं घेऊन आले. कोमल माझ्यामागे लपलेली, म्हणून मीच सगळं सांगून टाकलं. दाजींनी हातातली काठी भिंतीला टेकवली.

"मोटर जळली की वायरमनच्या मागं आठ-आठ दिस फिरतोय मी. आता घरातच वायरमन? लई बेस झालं की! ह्यात रडायचं काय हाय?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "पर तो बोर्ड आधी काढ बाबा. न्हायतर लोक गोळ्या मागायला येत्याल."

कोमलने तिथल्या तिथे उडीच मारली! ओट्यावर बसून माझ्या मोबाइलवरून फॉर्म भरला, पहिली पसंती इलेक्ट्रिशियन. फ्लेक्स दाजींनी कडबा झाकायला गंजीवर टाकला... माझ्या फोटोसकट.

एक कबुली देतो. काय करता असं कुणी विचारलं, की आजवर मी "कंपनीत आहे" म्हणून विषय संपवायचो. काल परतताना एसटीत शेजारच्या माणसाने विचारलं... "फिटर आहे. आयटीआय केलंय," म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो.

थँक्यू, कोमल.