खिडकीतली भाकर

चर्चच्या पंचसाहेबांच्या बाईंनी आईच्या ताटावरचा रुमाल उचलला, आतली भाकर बघितली आणि ताट नेऊन खिडकीत ठेवलं. प्रभूच्या मेजावर स्वतःच्या घरची भाकर ठेवली.

“मावशी, तुम्ही चर्च झाडता तेवढं पुरे की. भाकरीचं आम्ही बघतो. लोकांना घास उतरला पाहिजे.”

आवाज गोड. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाची बेखमीर, न आंबवलेली भाकर आळीपाळीनं एकेका घरातून येते. गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीतल्या घरांचा नंबर कधी लागत नव्हता. नवे पाळकसाहेब आले आणि त्यांनी आईला विचारलं. आईनं शनिवारी उपास धरला. तवा राखेनं घासला. पीठ मळताना प्रार्थना करत होती आणि रडत होती. आनंदानं. ख्रिस्ताच्या मेजावर एकदा आपल्या हातचं जावं, एवढंच तिला हवं होतं.

सगळी मंडळी ज्या प्याल्यातून द्राक्षरस पिते, तो आईच घासते. तो चालतो. विटाळ फक्त भाकरीला होतो.

पाळकसाहेब तिथंच होते. झग्याची बाही नीट करत राहिले.

लहानपणापासून मी आज्ञापालन शिकले. नम्र व्हा, हे प्रवचन नेहमी मागच्या बाकांकडे बघून व्हायचं. मागं आम्हीच. आता मी कोल्हापुरात दवाखान्यात नर्स आहे, डॉक्टरांना उलटं विचारते. पण चर्चमध्ये शिरले की मान आपोआप खाली. त्यालाच मी विश्वास समजत होते.

बाईंच्या भाकरीच्या तुकड्यांचं तबक आमच्या बाकापर्यंत आलं. आईनं तुकडा घेतला. मी घेतला नाही.

“घे पोरी. प्रभूची आज्ञा हाय,” आई पुटपुटली.

“त्याची मला मान्य हाय, आई. हिची न्हाय.”

पुढची डोकी वळली. माझी मान मात्र खाली गेली नाही.

उपासना संपल्यावर खिडकीतलं ताट मी घेतलं. भाकरीला मुंग्या लागल्या होत्या. घरी आईनं त्या झटकल्या, भाकर मोडली, अर्धी मला दिली. “त्या बाईच्या भाकरीचा घास मलाच उतरला न्हाय गं,” म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडली. मी माझी अर्धी शेवटच्या कणापर्यंत खाल्ली.

गारगोटीचा मामा म्हणतो, दुसऱ्या चर्चला जावा. का जायचं? बोलावणं ख्रिस्ताचं आहे, बाईंचं नाही. मी अजून गुडघे टेकते. पण आता फक्त त्याच्यापुढं.

येत्या रविवारी पुन्हा प्रभुभोजन आहे. नंबर कुणाचाही असो, आई भाकर करणार आहे. ताट मी मेजावर ठेवीन. आणि पाळकसाहेब ती भाकर मोडेपर्यंत ताटावरचा हात काढणार नाही.